नोझल नीट धरा, ताई!

ऑफिसच्या जिन्यातली ती लाल पेटी तुम्ही शेवटची कधी उघडली होती? कधीच नाही ना? मीही नव्हती उघडली. डोळ्यांदेखत उसाचा एक फड जळाला, तोपर्यंत!

लिफ्टची वाट बघताना आपण काय करतो? मोबाइलमध्ये डोकं घालतो, फार तर समोरच्या स्टीलच्या दारात बघून केस सारखे करतो. शेजारच्या भिंतीवर एक लाल पेटी असते, तिच्याकडे मात्र आपलं लक्ष नसतं. काचेचं दार, आत गुंडाळलेला पांढरा पाईप आणि... आणि काय असतं बरं? नाही ना आठवत? टेन्शन नको, मलाही आठवलं नसतं.

गेल्या महिन्यात मी आमच्या पुण्यातल्या बिल्डिंगची पेटी उघडली. आत पाईप होता. पाईपच्या जोडीला कुणाची तरी मोडकी छत्री, दोन झाडू आणि गणपतीच्या डेकोरेशनची उरलेली लाइटची माळ होती. नव्हतं ते फक्त नोझल. मी वॉचमनकाकांना विचारलं, तर ते अगदी शांतपणे म्हणाले, "मॅडम, ते पितळेचं असतंय ना. राहत नाही."

राहत नाही! जणू काही चार दिवसांसाठी आलेला पाहुणाच तो.

आगीच्या पाईपचं जुन्या पद्धतीचं नोझल पितळेच्या भाईबंदाचं, म्हणजे गनमेटलचं असतं. तांबं, कथील आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. गंजत नाही, टिकतो आणि भंगाराच्या दुकानात किलोवर विकला जातो. म्हणून 'राहत नाही'. पाईप, टाकी, पंप सगळं जागेवर, फक्त जिथून पाणी बाहेर पडायचं तेच तोंड गायब.

तुम्ही म्हणाल, सिनेमा, कॅफे आणि फॅशनवर लिहिणारी ही मुलगी आगीच्या पेट्या कशाला उघडत फिरतेय? त्यासाठी तुम्हाला थोडं पुण्याबाहेर यावं लागेल, सोलापूर रोडनं.

पाणी होतं, पोचलं नाही

मी मूळची इंदापूर तालुक्यातली. हिवाळ्यात तुम्ही भल्या पहाटे बाइक काढून भिगवणचे फ्लेमिंगो बघायला येता ना, त्याच उजनीच्या पाण्याकाठचा आमचा पट्टा. जिकडे बघाल तिकडे ऊस. कारखान्याचं धुराडं पेटलं की दिवाळी आली आणि विझलं की उन्हाळा लागला, असं आमचं साधं कॅलेंडर.

तीन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. चुलत बहिणीच्या साखरपुड्याला मी गावी गेले होते. दुपारी अडीच-तीनचा सुमार. शेतावरून गेलेल्या विजेच्या तारा वाऱ्यानं एकमेकींना घासल्या, ठिणगी खाली पडली आणि माझ्या चुलत्यांच्या, म्हणजे नानांच्या उसानं पेट घेतला. ऊस तोडणीला आलेला, पाचट वाळून कोळ झालेलं. उसाची आग ज्यानं पाहिली नाही त्याला ती सांगून कळत नाही. आधी फटाक्यांची माळ लावल्यासारखा तडतडाट ऐकू येतो. मग धुराचा एक लोट. आणि तुम्ही "अरे, तिकडे काय झालं?" म्हणेपर्यंत ज्वाला उसाच्या दुप्पट उंच झालेल्या असतात.

बंब आला. खरं सांगते, वाटलं होतं त्यापेक्षा लवकर आला. गाडी कुठली होती हे इथं महत्त्वाचं नाही. गाडीवरची माणसं जिवाच्या आकांतानं पळत होती, हे मात्र मी स्वतः पाहिलं. त्यांनी पाईप टाकला, नोझल जोडलं, पंप चालू केला. आणि पाईप आणि नोझल जिथं जोडले होते तिथून पाण्याचं कारंजं उडालं! चारही बाजूंना. नोझलमधून बाहेर पडलेली धार अर्ध्या वाटेतच जमिनीवर आली. थोड्या वेळानं तीही फाटली. नोझलच्या तोंडाशी एक खडा अडकला होता, त्यामुळे एका धारेच्या दोन झाल्या आणि दोन्ही भलतीकडेच जायला लागल्या. टाकी रिकामी झाली तेव्हा आगीनं बांध ओलांडलेला होता.

शेवटी गावातल्या पोरांनी कोयत्यानं उसाचा मधला पट्टा तोडला, एकानं ट्रॅक्टरला रोटाव्हेटर लावून जमीन उघडी केली, आणि आग तिथं थांबली. नानांचा दीड एकर आणि शेजाऱ्यांचा पाऊण एकर गेला. जळलेला ऊस लवकर गाळावा लागतो, त्याचा उतारा पडतो आणि भावात कपात होते. तशी ती झालीच.

संध्याकाळी कुणीतरी पाईपचं टोक उलटं करून बघितलं. जोडाच्या आत एक रबरी रिंग असते, वॉशर. ती तिथं नव्हतीच. नाना ओट्यावर बसले होते. कुणावर चिडले नाहीत की कुणाला बोल लावला नाही. एवढंच म्हणाले, "पाणी होतं गं. पोचलं नाही."

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. मास कॉम केलेल्या माणसाला शेवटी एकच येतं, जाऊन विचारायचं. मग मी विचारायला बारामतीला गेले.

ह्यो शॉवर न्हाई, बैल हाय!

बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके साखर कारखान्यांचे. बारामतीत माळेगाव आणि सोमेश्वर. इंदापुरात भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी आणि शहाजीनगरचा नीरा-भीमा. साखर कारखाना म्हणजे आगीला लागणारं सगळं सामान एकाच कंपाउंडमध्ये. उसाचा कोरडा भुसा, बॉयलर, साखरेची बारीक धूळ आणि जिथं डिस्टिलरी असेल तिथं स्पिरिट. म्हणून कारखान्यांच्या आवारात पाईप, नोझल आणि ते हाताळणारी माणसं लागतातच. अशाच एका आवारात मॉक ड्रिल आहे असं ओळखीतून कळलं आणि मी एसटी पकडली.

शिकवायला होते एक रिटायर्ड फायरमन. साठी ओलांडलेली, पण मनगट असं की हात मिळवताना माझी बोटं दुखली. "नाव छापू नका ताई, पोरं हसतील," अशी पहिलीच अट. म्हणून आपण त्यांना काका म्हणू.

काकांनी कोरडं नोझल माझ्या हातात दिलं. त्यांच्या भाषेत 'ब्रँच'. वीतभर लांब मूठ, मागं पाईपला जोडायचं तोंड, पुढं निमुळता होत गेलेला भाग. मी फोटोसाठी पोझ दिली. काका हसले आणि म्हणाले, "आता पाणी येऊ द्या."

पाणी आलं आणि मी चक्क दोन पावलं मागं गेले! काकांनी मागून पाईप धरला नसता तर सेल्फीऐवजी एक्स-रे काढावा लागला असता.

"ताई, ह्यो शॉवर न्हाई. ह्यो बैल हाय. येसण हातात पायजे."

या बैलाचा जोर किती, हे मी नंतर कागदावर मांडून बघितलं. नोझलचं तोंड २० मिलिमीटरचं आणि प्रेशर सात किलो असेल (या धंद्यात प्रेशर 'किलो'त मोजतात), तर पाणी जेवढ्या जोरानं पुढं जातं तेवढाच झटका धरणाऱ्याला मागं बसतो. तो येतो जवळजवळ ४५ किलोचा. म्हणजे जिममध्ये जे वजन आपण दुसऱ्याच्या मदतीनं उचलतो, ते सतत आपल्याला मागं ढकलत असतं. प्रेशर निम्मं केलं तर झटकाही निम्मा. म्हणूनच मोठ्या पाईपवर एकट्यानं उभं राहायचं नाही. एक पुढं नोझल धरणारा, दुसरा त्याच्या मागं पाईपचा भार पेलणारा.

उभं राहण्याची पद्धत अशी. डावा पाय पुढं, गुडघा थोडा वाकवलेला, उजवा पाय मागं घट्ट रोवलेला. पाईप काखेत दाबून धरायचा. एक हात नोझलच्या मुठीवर आणि दुसरा दांड्यावर. अंग किंचित पुढं झुकलेलं, म्हणजे मागं येणारा धक्का कमरेला न बसता पायातून जमिनीत जातो. पंपवाल्याला "वॉटर ऑन" सांगायचं ते सगळ्यांचे पाय टेकल्यावरच. त्याआधी पाईपला पीळ किंवा दुमड नाही ना, हे मागच्यानं बघायचं.

उघडताना हळू आणि बंद करताना त्याहून हळू. का? ६३ मिलिमीटरच्या पंधरा मीटर पाईपमध्ये साधारण ४७ लिटर पाणी मावतं. म्हणजे ४७ किलोचं वजन तुमच्या दिशेनं धावत असतं. तुम्ही दांडा खाडकन बंद केला तर ते सगळं एका क्षणात भिंतीवर आदळल्यासारखं थांबतं. त्या दणक्यानं पाईप फुटतो, नाहीतर पंप दुखावतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाणी चालू असताना नोझल सोडायचं नाही. सुटलेलं नोझल सापासारखं फणा काढून फिरतं, आणि ते डोक्यात बसलं तर माणूस उठत नाही. अगदीच हाताबाहेर गेलं तर पाईपवर अंग टाकायचं, आडवं व्हायचं आणि पंप बंद करायला ओरडायचं.

धार की फवारा?

आपल्या डोक्यातली आग विझवण्याची कल्पना सिनेमातली. मोठी धार, आगीवर सोडली, खेळ खल्लास. पण साध्या नोझलला फक्त धार येते आणि बंदही करता येत नाही, ती मागं व्हॉल्व्हवर बंद करावी लागते. चांगल्या नोझलला दोन-तीन चाली असतात. दांड्यानं पाणी चालू-बंद करायचं आणि पुढची कडी फिरवली की धारेचा फवारा होतो. कडी आणखी फिरवा, फवारा छत्रीसारखा पसरतो.

यातलं काय कधी वापरायचं यातच सगळा फंडा आहे. चहाचं आधण आठवा. पाणी उकळायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या जवळपास सातपट त्या उकळत्या पाण्याची पूर्ण वाफ व्हायला लागते. आग थंड होते ती पाणी नुसतं ओलं असतं म्हणून नाही, तर वाफ होताना ते उष्णता ओढून घेतं म्हणून. थेंब जितका बारीक तितकी त्याची वाफ पटकन होते. म्हणून फवारा कमी पाण्यात जास्त काम करतो आणि धरणाऱ्याच्या तोंडासमोर ढालही धरतो. मात्र बंद खोलीत जपून, कारण एक लिटर पाण्याची साधारण सतराशे लिटर वाफ होते. ती वाफ बाहेर जायला वाट नसेल तर भाजणार आपल्यालाच.

मग धार कशासाठी? लांब पोचायला आणि खोल शिरायला. भुशाच्या ढिगाचंच घ्या. वरून विझलेला दिसतो, आत मात्र धुमसत असतो. नुसता फवारा मारला तर पाणी वरच्या वर वाहून जातं. तिथं ढीग उकरत जायचं आणि धार आत घालायची.

"आग वर दिसती, पर असती खाली," काका म्हणाले. "ज्वाळंला पाणी पाजू नका, मुळाला पाजा."

हे ऐकताना मला मुंबईच्या गोदीची गोष्ट आठवली. १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज उभं होतं. पोटात कापसाच्या गाठी आणि त्याच जहाजात शेकडो टन स्फोटकं. दुपारी धूर दिसला. अग्निशमन दलाचे जवान आले, त्यांनी जहाजात शेकडो टन पाणी ओतलं. पण आगीचं मूळ नेमकं कुठं आहे हेच सापडेना. चार वाजून गेल्यावर जहाज फुटलं, मागोमाग दुसरा स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जण त्या दिवशी गेले. त्यांच्या आठवणीत देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात आणि २० एप्रिलपर्यंत सप्ताह असतो. पाण्याची कमी नव्हती, हिमतीची तर नव्हतीच. पाणी मुळाशी पोचत नव्हतं. नानांचंच वाक्य, फक्त कितीतरी मोठं झालेलं.

काही ठिकाणी तर पाणी मारायचंच नाही. विजेच्या पॅनेलवर आधी मेन स्विच बंद, नाहीतर धारेतून करंट सरळ तुमच्या हातात. उकळत्या तेलाच्या कढईवर पाणी पडलं तर तेल पेटतच उडतं. डिस्टिलरीतल्या स्पिरिटला वेगळा, अल्कोहोलमध्ये न विरघळणारा फेस लागतो, आणि त्याचं नोझलही वेगळं असतं. वर दुपारच्या उन्हात स्पिरिटची ज्वाला धड दिसतसुद्धा नाही.

आणि ऊस? त्याचंही उत्तर काकांकडे होतं. पेटलेल्या फडाच्या तोंडावर, वाऱ्याच्या खाली उभं राहायचं नाही. उभ्या उसात तर शिरायचंच नाही. बाजूनं यायचं, पुढचा पट्टा तोडून मोकळा करायचा, पलीकडचा ऊस फवाऱ्यानं भिजवून ठेवायचा. म्हणजे आमच्या गावातल्या पोरांनी अर्धं काम बरोबर केलं होतं. उरलेलं अर्धं नोझलचं होतं.

पाच हजार लिटरचं गणित

आता जरा आकडे. घाबरू नका, दोनच आहेत.

तेच २० मिलिमीटरचं तोंड आणि सात किलो प्रेशर. मिनिटाला साधारण ७०० लिटर पाणी जातं. ऑफिसातले वीस लिटरचे जार आठवा, मिनिटाला असे पस्तीस! बंबात पाच हजार लिटर पाणी असेल तर ते सात मिनिटांत संपतं. तोंड १६ मिलिमीटरचं घेतलं तर तेच पाणी अकरा मिनिटं पुरतं. आणि दांडा असलेलं नोझल असेल, हवं तेव्हा बंद, हवं तेव्हा चालू, तर आणखी.

शहरात सात मिनिटांनी दुसरी गाडी येईल अशी आशा तरी असते. आमच्याकडे दुसरी गाडी म्हणजे पुढचं गाव, नाहीतर पुढचा तालुका. बाहेरच्या लोकांना बारामती-इंदापूर म्हटलं की नीरा डावा कालवा, उजनीचं पाणी आणि हिरवागार ऊस दिसतो. पण बारामतीचा सुपे-मोरगावकडचा जिरायती पट्टा प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट बघतो, हेही खरं. अशा ठिकाणी जोडातून गळणारं पाणी म्हणजे कुणाच्या तरी चुलीवरचं, गोठ्यातलं पाणी. तिथं नोझल हा पाण्याचा हिशेब ठेवणारा कारकून असतो. तो झोपला की संपलं.

काकांची संध्याकाळची पूजा

ड्रिल संपलं. सगळे चहाकडे पळाले. काका मात्र नोझल घेऊन नळाखाली बसले. मी म्हटलं, "काका, उद्या करा की." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जणू मी देवाला उद्या आंघोळ घाला म्हणाले.

कालव्याचं पाणी वापरलं की गाळ येतो, बारीक खडे येतात. बोअरचं पाणी जड असतं, ते वाळलं की पांढरा थर धरतं. त्यामुळे वापर झाला की आधी स्वच्छ पाण्यानं नोझल धुवायचं, सगळ्या चाली फिरवून. धार, फवारा, बंद, पुन्हा धार. आत जाळी असेल तर ती काढून झटकायची. खडा अडकला तर तारेनं किंवा खिळ्यानं उकरायचं नाही. तोंडाच्या आतल्या कडेला ओरखडा पडला की धार कायमची फाटते. खडा मागून पाणी सोडून, नाहीतर लाकडी काडीनं काढायचा.

मग वॉशर. बोटानं दाबून बघायचं. मऊ असेल तर ठीक. कडक झालं असेल, चीर असेल, चपटं झालं असेल तर बदलायचं, विचार करत बसायचं नाही. पाईपच्या ज्या तोंडात नोझल बसतं, त्याच्या आत हे वॉशर असतं. जोडताना 'खट्' असा आवाज आला पाहिजे. बाजूच्या दोन स्प्रिंगच्या खुंट्या बसल्या की तो येतो. आवाज आला तरी एकदा ओढून बघायचं.

ऑइल, ग्रीस चोपडायचं नाही. साधं ग्रीस रबराला खातं, धूळ धरतं. फिरणारे भाग जड झाले तर थोडं सिलिकॉन ग्रीस, तेही पुसून. नोझल उंचावरून पडलं तर 'काही नाही झालं' असं म्हणून ठेवायचं नाही. कडा चेपली का, जोड बसतो का, दांडा पूर्ण फिरतो का, हे बघूनच पेटीत. पाईप सावलीत लोंबता ठेवून वाळवायचा आणि दर वेळी घडी वेगळ्या जागी घालायची, नाहीतर तो घडीवरच चिरतो.

"किती वेळ लागतो याला?" मी विचारलं.

"चा थंड होईस्तवर," काका म्हणाले. आणि त्यांचा चहा खरंच थंड झाला होता.

आता तुमची पेटी

आता परत लिफ्टशी येऊ. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा २००६ सालचा आहे आणि तो डिसेंबर २००८ पासून लागू झाला. त्यानुसार बिल्डिंगमधली आगीची यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा वापरणाऱ्याची, म्हणजे सोसायटीची, ऑफिसची, पर्यायानं आपलीच. लायसन्स असलेल्या एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, यंत्रणा नीट असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. आमच्या सोसायटीच्या फाईलमध्येही ते होतं. कागदावर सगळं ओके, पेटीत मात्र छत्री!

२९ डिसेंबर २०१७ ला, मध्यरात्र उलटून गेल्यावर, मुंबईत कमला मिलच्या रूफटॉपवर वाढदिवस साजरा करायला आलेली माणसं गेली, एकूण १४ जण. तुमच्या-माझ्या वयाची. त्यानंतर आपण काही दिवस पबमध्ये शिरताना बाहेर पडायचा दरवाजा शोधला, आणि मग विसरलो.

म्हणून हा पाच मिनिटांचा चेकअप. उद्या सकाळी लिफ्ट येईपर्यंत सुरुवात करा.

- पेटी उघडते का? किल्ली कुठं आहे, हे वॉचमनला न विचारता कळतं का?
- आत पाईप आहे, नोझल आहे, आणि झाडू-छत्री नाही ना?
- नोझल पाईपला जोडून बघा. 'खट्' होतं? ओढल्यावर सुटत नाही? रबरी वॉशर आहे आणि मऊ आहे?
- नोझलच्या तोंडातून आरपार बघा. कोळ्याचं जाळं, कागद, गुटख्याची पुडी, काहीही निघू शकतं!
- शेजारी चकरीवर गुंडाळलेला पातळ रबरी पाईप आहे का? सुरुवातीच्या छोट्या आगीसाठी एकट्या माणसाला झेपतो तो हाच. त्याच्या टोकाचं छोटं नोझल फिरतं का?
- मुख्य व्हॉल्व्ह स्वतः उघडू नका. वर्षातून एकदा तरी माहितगार माणसासमोर पाणी सोडून दाखवायला सांगा.

आणि एक प्रेमाची सूचना. हे वाचून कुणीही हीरो बनू नये. आग लागली की आधी माणसं बाहेर, मग १०१ ला फोन. वीज तोडलेली, पळायला पाठीमागे वाट मोकळी आणि आग अजून लहान, हे सगळं असेल तरच हातात पाईप. मोठा पाईप शिकलेल्या माणसांसाठी सोडा. पण ती शिकलेली माणसं धावत तुमच्या मजल्यावर आली, तर त्यांना पेटीत नोझल मिळू द्या. एवढंच तर आपल्या हातात आहे.

आमच्या सोसायटीत मी मीटिंगमध्ये विषय काढला. पार्किंगच्या भांडणात तो दोनदा बुडाला, तिसऱ्यांदा पास झाला. आता प्रत्येक पेटीत नोझल आहे, त्यावर मजल्याचा नंबर कोरलाय, आणि दाराला सील आहे. छत्रीचा मालक अजून पुढे आलेला नाही. वॉचमनकाका दर महिन्याच्या एक तारखेला वॉशर दाबून बघतात आणि मला लिफ्टपाशी गाठून रिपोर्ट देतात, "मॅडम, मऊ आहे!" शेजारच्या विंगमधली पोरं मला नोझलवाली ताई म्हणतात. म्हणू देत.

मागच्या आठवड्यात गावी गेले होते. बारामतीहून येताना दुकानातून चार वॉशर घेतले होते, ६३ मिलिमीटरच्या जोडात बसणारे. नानांच्या हातावर ठेवले. त्यांनी एक उचललं, अंगठ्यानं दाबलं, उजेडात धरून आरपार बघितलं. म्हणाले, "एवढंसं?"

मी म्हटलं, "एवढंसंच, नाना."

त्यांनी ते चारही वॉशर सुतळीत ओवले आणि दाराशेजारच्या खुंटीला अडकवले. पुढच्या वेळी बंब कुठलाही येवो, आमच्या दारात वॉशर असेल.

तुमच्या पेटीत आहे?